नऊ डॉलरचा नळ

वॉल्डहाइम गावात नळ गळायला लागला की घरातला पुरुष आधी त्याला शिव्या देतो, मग स्वतः खोलून आणखी बिघडवतो, आणि शेवटी शनिवारी सकाळी तुटका भाग खिशात घालून मेन स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात जातो. तिथे काउंटरपलीकडे एकतीस वर्षं लॉर्ना टेस्की उभी असायची. ती काही विचारायची नाही, नुसता हात पुढे करायची. तुकडा तळहातावर पडला की चष्मा कपाळावरच ठेवून अंगठ्याने त्याचे आटे चाचपायची आणि मागे न बघता फळीवरच्या खोक्यातून त्याचा जोडीदार काढून द्यायची.

"आणि आट्यांवर गुंडाळायला टेफ्लॉनची पट्टी घे," ती वर म्हणायची. "गेल्या वेळी नको म्हणालास, म्हणून तर परत आलास."

ती तिथे लागली तेव्हा गल्ल्यावर पैसे घ्यायला लागली होती. नळांच्या विभागातला माणूस एका हिवाळ्यात कंटाळून फ्लोरिडाला निघून गेला आणि मालकाने तात्पुरतं म्हणून तिला तिथे उभं केलं. पहिले चार महिने गावातले बाप्ये तिला ओलांडून रंगाच्या डब्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाला पाइपांबद्दल विचारत. त्या बिचाऱ्याला रंगाखेरीज काही ठाऊक नव्हतं, तरी तो ठोकून द्यायचा. लॉर्ना गप्प बसून ऐकायची. मग हळूहळू गावातली निम्मी तळघरं भिजली आणि लोकांना कळलं की विचारायचं कुणाला.

दुकान सोडून तिला आता दोन वर्षं झाली होती, पण लोक काही तिला सोडत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तळलेले मासे खायला माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये जमतं. तिथे तिच्या ताटाशेजारी कुणी ना कुणी पाइपाचा गंजका कोपरा आणून ठेवायचाच. ती कोबीच्या कोशिंबिरीचा घास गिळून म्हणायची, "पाऊण इंची. आणि हे जेवणाचं टेबल आहे."

तिचं एकच शास्त्र होतं, आणि ते तिने गावातल्या तीन पिढ्यांना पढवलं होतं. पाणी आळशी असतं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक जादा फुटावर ते आपला जोर सांडत जातं. म्हणून नळी आखूड हवी, रुंद हवी, सरळ हवी. ज्याच्या तळघरात पाइपांची वेटोळी दिसली त्या माणसाबद्दल तिचं मत कायमचं वाईट व्हायचं.

पाणी तिचं होतं आणि बिअर तिच्या नवऱ्याची. व्हर्जिल टेस्कीने चौतीस वर्षं माल्टच्या कारखान्यात नोकरी केली. भिजवलेल्या बार्लीला मोड येताना तो ती मूठभर हातात घेऊन नुसत्या वासावरून सांगायचा की भट्टीत कधी टाकायची. घरी तो वीस वर्षं स्वतःची बिअर करत होता. उन्हाळ्यासाठी हलकी, शिकारीच्या दिवसांसाठी तांबूस, आणि डिसेंबरात बॉक. बॉक म्हणजे काळसर, जड, थंडीत महिनोन्‌महिने निजवून ठेवायची बिअर. ती ईस्टरनंतरच्या शनिवारी उघडायची आणि पत्त्यांचा अड्डा बसवायचा, हा त्या घरचा सणच होता. लॉर्नाला बिअरची चव कधी कळली नाही. ती शुक्रवारी ब्रँडीचा एक गोड ग्लास घ्यायची, तेवढाच. पण गॅरेजमधून बाटल्यांना बुचं बसवण्याचा 'खटक, खटक' आवाज येऊ लागला की स्वयंपाकघरात तिला बरं वाटायचं. पन्नास बाटल्या, पन्नास खटक. डाव्या हाताने बाटली धरायची आणि उजव्याने यंत्राची दांडी दाबायची.

नऊ जानेवारीला सकाळी अंगणातला बर्फ उपसताना व्हर्जिलला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत हलायचा, पुढची बोटं मात्र परक्याची असल्यासारखी लोंबत राहिली. चेहऱ्याची उजवी बाजू सैल पडली. आणि शब्द अडकू लागले. डोक्यात सगळं धड होतं, पण जिभेपर्यंत येता येता वाक्यातले चार शब्द वाटेत गळून पडत. पूर्वीही तो फार बोलका नव्हता म्हणा, पण पूर्वी तो स्वतःच्या मर्जीने गप्प असायचा.

डॉक्टर म्हणाले, वाचलात, सुधाराल. रोज व्यायाम करा, आणि रात्री जेवताना एखादा पेला बिअर घ्यायला हरकत नाही. ग्रीन बेहून त्यांची मुलगी आली आणि तिने दोन दिवसांत न्हाणीघरात स्टीलच्या दांड्या बसवल्या, खुर्चीखाली रबर लावलं, पलंगाला कठडा लावला. व्हर्जिलने सगळ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हॉस्पिटल." त्या दांड्यांना त्याने हात लावला नाही, भिंत धरून आत जायचा. रोज स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसायचा आणि समोरच्या रस्त्यावरून कुणाचा ट्रक गेला ते बघायचा. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायला तीन पायऱ्या आहेत. त्याचं बिअरचं सामान, कपाटं, हत्यारं, सगळं त्या पायऱ्यांखाली. जानेवारीपासून त्याने त्या उतरल्या नव्हत्या.

मार्चमध्ये ग्लेन पोलझिन येऊन बसला. ग्लेन म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवणारा त्यांचा शेजारी. बिअर करायला तो व्हर्जिलकडूनच शिकलेला. जाताना तो लॉर्नाला दाराबाहेर घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मला सगळं घेऊन जा म्हणतोय," तो म्हणाला. "पातेलं, काचेचे बुधले, बाटल्या, सगळं. मी नको म्हणालो तर तोंड फिरवून बसला. काय करू मी?"

ते चाळीस लिटरचं स्टीलचं पातेलं व्हर्जिलने एका बंद पडलेल्या हॉटेलच्या लिलावात घेतलं होतं आणि वीस वर्षं स्वतः घासलं होतं. ते पातेलं घराबाहेर गेलं तर हा माणूस खिडकीपासून पुन्हा उठणार नाही, हे तिला आतून कळलं. तिला इतकी भीती झटक्याच्या दिवशीही वाटली नव्हती.

"त्याला सांग, तुझ्या गॅरेजमध्ये सध्या जागा नाही," ती म्हणाली. "ईस्टरनंतरच्या शनिवारी ये."

"बॉकच्या शनिवारी? दुसरा दिवस नाही मिळाला तुला?"

"त्याच दिवशी ये. आणि ग्लेन, तुझी ती पिंपं बघायची आहेत मला. तुझ्या घरी."

ग्लेनने बाटल्या केव्हाच सोडल्या होत्या. त्याच्याकडे सोड्याच्या कंपन्यांनी मोडीत काढलेली स्टीलची उंच पिंपं होती. ती एका आडव्या फ्रीझरमध्ये उभी करून, गॅसचा दाब लावून, बाहेर नळातून तो बिअर काढायचा. बुचं नाहीत, दांडी दाबायचं यंत्र नाही, पन्नास बाटल्या धुणं नाही. पुढच्याच सकाळी लॉर्ना त्याच्या फ्रीझरसमोर उभी होती.

"हा नळ केवढ्याला?"

"नळ, त्यामागची दांडी, जोड धरून पासष्ट."

"दोन्ही मिळून?"

"एक."

लॉर्नाने चष्मा कपाळावरून खाली घेतला. आयुष्यात फार थोड्या वस्तूंना तिने हा मान दिला होता. तिने नळ पुढून पाहिला, मागून पाहिला, मूठ ओढून पाहिली. मूठ पुढे ओढावी लागत होती आणि दुसऱ्या हाताने पेला धरावा लागत होता. म्हणजे घोडं इथेच पेंड खाणार होतं. मग तिने झाकण उचलून आत डोकावलं. पिंपावर बारीक नळीची भलीमोठी वेटोळी पडली होती, दहा फूट तरी असेल. ग्लेनच्या गाडीत मागच्या सीटवर तीन वर्षांपूर्वीचे कागदी कप असतात हे तिला माहीत होतं. 'उरलेली नळी कापायचाही आळस', एवढं मनाशी म्हणून तिने झाकण लावलं.

गॅरेजच्या कोपऱ्यात हरणाचं मांस ठेवायचा त्यांचा जुना फ्रीझर होता. तो आता रिकामाच होता. नळासाठी फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी एक तरणा गडी दुकानात ड्रिल परत करायला आला होता. 'ड्रिल खराब आहे, भोक पाडताना फुस्स आवाज आला आणि फ्रीझर बंद पडला', अशी त्याची तक्रार होती. गार करणाऱ्या नळ्या त्या भिंतींतूनच फिरतात हे त्याला काउंटरवर सांगितलं तेव्हा तो रडायचाच बाकी राहिला. तेव्हा लॉर्नाने सहा इंच रुंद फळ्यांची चौकट केली, फ्रीझरचं झाकण काढलं, मध्ये चौकट चिकटवली आणि वर पुन्हा झाकण बसवलं. भोकं त्या लाकडाला पाडली. लाकडाला भोक पाडून कुणाचं नुकसान होत नाही. फ्रीझरने पिंपं गोठवू नयेत म्हणून बाहेरून एक छोटा थर्मोस्टॅट लावला, ठरल्या थंडीला वीज तोडणारा.

आता राहिला नळ. सहलीला पिंप नेतात तेव्हा त्याला लावायची एक काळी प्लास्टिकची तोटी मिळते, अंगठ्याने दाबायची. चार डॉलरला एक. तिची स्प्रिंग चांगली असते, सोडली की आपोआप बंद होते. लॉर्नाने अशा दोन आणल्या आणि चौकटीत घट्ट बसवल्या. मग एका गिऱ्हाइकाने परत केलेला, डोक्याशी चिरलेला कुऱ्हाडीचा दांडा तिने दोन तुकड्यांत कापला, घासून गुळगुळीत केला, कपाटाच्या बिजागरीवर बसवला. दांडा दाबला की त्याची टाच तोटीची कळ दाबायची. जवसाचं तेल चोळल्यावर लाकडाला मधासारखा रंग आला. बिजागरी, स्क्रू, तेल धरून एक नळ नऊ डॉलरला पडला. कुणाची दृष्ट लागावी असा झाला होता.

पण खरी करामत त्याच्या उंचीत होती. व्हर्जिल मोरीपाशी उभा असताना तिने दाराची चौकट पुसायचं सोंग केलं आणि त्याच्या उजव्या कोपराच्या उंचीला पेन्सिलीची खूण केली. मग फ्रीझरखाली लाकडं सरकवून तो चार इंच वर घेतला. डाव्या हातात पेला धरायचा आणि उजव्या कोपराने दांडा दाबायचा. बोटांची गरजच नाही.

हे सगळं करताना ती गॅरेजमध्ये ड्रिल चालवायची, करवत चालवायची. व्हर्जिलला वर आवाज जात होता. त्याचं ड्रिल दुसऱ्या कुणी हातात घेतलेलं पूर्वी त्याला खपत नसे, जागेवरून ओरडायचा. आता तो काहीच म्हणत नव्हता. रोज काम संपवून वर जाताना तिला वाटायचं, आज तरी विचारेल की खाली काय खुडबुड चाललीय. तो विचारायचा नाही. ती मग त्याच्यासमोर सूप ठेवायची आणि स्वतःच सांगायची, "फळी करतेय." त्याने नुसती मान हलवली की तिला रडू यायचं. ती हट्टी बाई, रडायची नाही.

आणि बॉक? ती होती. झटक्याच्या तीन आठवडे आधी केलेली, तळघरात काचेच्या बुधल्यात तशीच पडून. व्हर्जिल ती नासली असं धरून चालला होता. एके सकाळी तो दवाखान्याच्या गाडीतून व्यायामाला गेला असताना ग्लेनने नळी लावून थोडी काढली, तोंडात घोळवली, आणि बराच वेळ बुधल्याकडे बघत राहिला.

"कशी आहे?" लॉर्नाने विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं."

"लॉर्ना," ग्लेन म्हणाला, "मी पंधरा वर्षं प्रयत्न करतोय. मला अशी एकदाही जमली नाही."

दोघांनी ती ग्लेनच्या एका पिंपात भरली आणि गॅसचा दाब लावला. शेजारच्या पिंपात ग्लेनने स्वतःची एक फिक्कट बिअर आणून भरली, दुसरा नळ रिकामा नको म्हणून. शेवटी लॉर्नाने पिंपापासून नळापर्यंतची नळी घातली, तिच्या शास्त्राप्रमाणे. रुंद, सरळ, दोन फूट. एक वळण नाही. असं देखणं काम गावात कुणाच्या तळघरात नव्हतं. झाकण लावताना तिने ते शेवटचं एकदा बघून घेतलं.

शनिवारी दुपारी दोन वाजता ग्लेनचा ट्रक आला. मागे काचेचे बुधले गुंडाळायला जुनी ब्लँकेटं होती. व्हर्जिल खिडकीतून बघत होता.

"ग्लेन आलाय," लॉर्ना म्हणाली.

"दे," तो म्हणाला. "सगळं… दे."

"मी नाही देणार. तुझं सामान आहे, तू दे. खाली ये आणि तुझ्या हाताने दे."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की बाई हबकलीच. पण ती दार उघडून गॅरेजमध्ये उतरली आणि दार उघडंच ठेवलं. खाली ती आणि ग्लेन एकमेकांकडे न बघता उभे राहिले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काठी. पहिली पायरी. बराच वेळ काही नाही. ग्लेन धरायला पुढे निघाला तसा लॉर्नाने त्याचा दंड धरला. दुसरी पायरी. तिसरी.

व्हर्जिल खाली उभा राहिला, रागाने आणि श्रमाने लालबुंद. मग त्याला फ्रीझर दिसला. त्यावरची नवी चौकट, त्यातून बाहेर आलेल्या दोन काळ्या तोट्या, त्यांच्यावर मधाच्या रंगाचे दोन दांडे. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण अर्धा चेहरा तसाही काही सांगत नसे.

लॉर्नाला सगळं पाठ होतं. तिने पेला घेतला, तोटीखाली धरला आणि कोपराने दांडा दाबला.

फेस आला. पांढराशुभ्र फेस, फसफसत, पेला भरून बाहेर, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत. तिने पेला बादलीत ओतला आणि पुन्हा धरला. फेस. तिसऱ्यांदा फेस. दुसऱ्या नळालाही फेस. बादलीत साबण घातल्यासारखा ढीग झाला आणि पेल्याच्या तळाला बोटभर बिअर. तिने थर्मामीटर बघितला, बरोबर होता. जोड चाचपले, कुठे गळत नव्हतं. तिचे कान तापले. एकतीस वर्षांत काउंटरवर तिचं काही चुकलं नव्हतं, आणि आजच हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

"गॅस कमी करून बघू," ग्लेन कुजबुजला. "दाब जास्त असेल."

तिने दाब कमी केला. फेसच, फक्त आता सावकाश. तिच्या मनात आलं, संपलं. आता हा वळेल, त्या तीन पायऱ्या चढून जाईल आणि पुन्हा उतरणार नाही, आणि त्याला खाली बोलावून त्याच्यासमोर त्याच्या शेवटच्या बॉकचा मी फेस केला.

"उघड," व्हर्जिल म्हणाला.

"काय?"

"झाकण… उघड."

तिने झाकण उचललं. तो काठी टेकत पुढे आला, चौकटीवर डावा हात ठेवला आणि आत वाकून बघू लागला. बराच वेळ बघितलं.

"ही नळी… कुणी?"

"मी."

"किती?"

"दोन फूट," लॉर्ना म्हणाली, आणि अशा वेळीही तिला राहवलं नाही. "सरळ. एक वळण नाही. चांगली रुंद."

व्हर्जिलच्या छातीतून एक आवाज आला. ग्लेन दचकला, त्याला वाटलं पुन्हा झटका. पण तो हसत होता. अर्ध्या तोंडाने, आवाज नीट न फुटता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जानेवारीपासून पहिल्यांदा.

"पाणी… नाही हे, बाई," तो म्हणाला. "बिअर. बिअरला… दमवायची. लांब. बारीक. फिर… फिरव तिला." त्याने डाव्या हाताने हवेत वेटोळी काढली, एक, दोन, तीन, चार. "दहा फूट. दमली की… गुमान येते. तू तर… तिला पळवतेस."

लॉर्नाच्या डोळ्यांपुढे ग्लेनच्या फ्रीझरमधली ती गबाळी वेटोळी उभी राहिली. तिने ग्लेनकडे बघितलं. ग्लेनही तिच्याकडे बघत होता.

"ती तशीच असते?" ग्लेन म्हणाला. "मला वाटलं, कंपनीने चुकून जास्त दिली. मी कंटाळा केला म्हणून कापली नाही."

"पंधरा वर्षं," व्हर्जिल म्हणाला, "शिक… शिकवतोय याला."

नळाच्या त्या सेटबरोबर ग्लेनला बारीक नळीची आणखी एक गुंडाळी मिळाली होती. ती आणायला तो ट्रक घेऊन धावला. गॅरेजमध्ये दोघंच उरली. व्हर्जिल दांड्यावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत होता, लॉर्ना आटे चाचपायची तसा.

"कुऱ्हाड?"

"हो. परत आलेली होती."

त्याने दांड्याची उंची बघितली, मग आपलं उजवं कोपर बघितलं, मग पुन्हा दांडा. लॉर्नाने श्वास धरून ठेवला. आता तो शब्द येणार, तिला माहीत होतं.

"हॉस्पिटल?" तो म्हणाला.

"कुठल्या हॉस्पिटलात बिअर मिळते रे?" ती म्हणाली. "पत्ता दे. मी जाते भरती व्हायला."

त्याने पुन्हा तो घोगरा आवाज काढला. मग उजवा खांदा उचलला, कोपर दांड्यावर ठेवलं आणि दाबलं. दांडा अलगद खाली गेला, सोडल्यावर वर आला. त्याने पुन्हा दाबला, सोडला. पुन्हा. बिअर नव्हे, नुसता फेस बादलीत पडत होता, पण त्याचं लक्ष बादलीकडे नव्हतंच. लॉर्नाने बादलीतला फेस बघायचं सोंग केलं, कारण तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ग्लेन परत आला. बारीक नळी जोडावर चढवणं सोपं नसतं. तिचं टोक गरम पाण्यात बुडवून, एकाने जोड धरून आणि दुसऱ्याने पिळत पिळत ती पुढे सारावी लागते. ग्लेनने बाह्या सरसावल्या.

"तू… बस," व्हर्जिल त्याला म्हणाला.

मग त्याने डाव्या हाताने जोड पकडला आणि लॉर्नाने उजव्या हाताने नळी चढवली. दोघांचे दोन हात मिळून एका माणसाचं काम. सदतीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी मिळून अशी एकही वस्तू जोडली नव्हती. तो बिअरवाला, ती पाणीवाली, आणि मध्ये पायऱ्या. तो सगळा वेळ तिला बोलत होता. "सरळ… नाही. वळव. अगं, वळव. वेटोळं… सैल. आवळू नको. दुकानात… हेच शिकवलंस लोकांना?" शब्द अडकत होते, गळत होते, तो थांबून ते उचलत होता आणि पुढे जात होता. इतकं तो झटक्याआधीही कधी एका वेळी बोलला नव्हता. आणि लॉर्ना, जिला गावातला एकही पुरुष उलट बोलायला धजत नसे, मान खाली घालून 'बरं, बरं' म्हणत ऐकत होती. शिव्या खाऊन एवढं सुख कुणाला झालं असेल असं मला वाटत नाही.

त्याने गॅसचा दाब स्वतः पुन्हा वाढवला, काट्याकडे बघून, पूर्वी होता तिथे. मग डाव्या हातात पेला घेतला, तिरका धरला आणि कोपराने दांडा दाबला.

बिअर आली. काळसर, तांबडी झाक असलेली, घाई न करता पेल्याच्या कडेने उतरत. वर दोन बोटं फेस, पिवळट, दाट. त्याने दांडा सोडला. पेला उजेडाकडे धरला. मग नाकाशी नेला, आणि तिथेच थांबला.

"डिसेंबर," तो म्हणाला. "ही… डिसेंबरची."

"तुझीच," ग्लेन म्हणाला. "नासली नव्हती. मी फक्त पिंपात भरली, आणि तेवढीही भीत भीत."

व्हर्जिलने एक घोट घेतला. तो गिळायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग त्याने पेला लॉर्नाच्या हातात दिला. तिने आयुष्यात पहिल्यांदा बॉकचा मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे."

"हं," तो समाधानाने म्हणाला.

तिघांनी एक एक पेला घेतला. व्हर्जिलने तिन्ही स्वतः भरले, कुणाला दांड्याला हात लावू दिला नाही. ग्लेनने घरून आणलेली ताज्या चीजची पिशवी उघडली. पत्ते निघाले. व्हर्जिलला पत्ते हातात धरता येईनात, तेव्हा लॉर्नाने फळीचा एक तुकडा करवतीने चिरून त्या फटीत ते उभे करून दिले. तो दोन डाव हरला आणि एक जिंकला.

पाच वाजता ग्लेन उठला. त्याचं लक्ष कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या मोठ्या पातेल्याकडे गेलं, मग आणलेल्या ब्लँकेटांकडे. तो भला माणूस, पण त्याला काही मनात ठेवता येत नाही.

"मग व्हर्ज," तो चाचरत म्हणाला, "ते पातेलं… भरू का गाडीत?"

लॉर्नाने पत्ते गोळा करायचं थांबवलं.

व्हर्जिलने पातेल्याकडे बघितलं. रिकामं असताना ते पूर्वी तो एका हाताने उचलायचा. भरलं की दोन हातांनी, आणि तेव्हा मदतीला कुणी पुढे आलं तर त्याला अपमान वाटायचा.

"डिसेंबरात ये," तो म्हणाला. मध्ये कुठेही न अडता. "भरलं की मला एकट्याला उचलणार नाही."

ग्लेनने ब्लँकेटं तशीच घड्या घालून ट्रकमध्ये ठेवली. लॉर्ना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, तारीख लिहून ठेवते म्हणाली. ती एक एक पान उलटत राहिली. दोन वेळा नोव्हेंबरच हाती आला, मग तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला.